परावलंबनातील स्वातंत्र्य

ज्या राष्ट्राच्या भूमीत तेल व वायू यांचे म्हणावेत असे साठे नाहीत, त्याने स्वावलंबनाची भाषा बोलावी काय? हा प्रश्न वरवर अर्थशास्त्राचा वाटला, तरी मुळात तो नीतीचा आहे, असे आम्हांस वाटते. बाल्टिक समुद्राकाठच्या लिथुआनियाचे उदाहरण या दृष्टीने विचारार्ह आहे.

सुमारे २९ लाख लोकवस्तीचा हा देश. मार्च १९९० मध्ये त्याने सोव्हिएत संघापासून स्वातंत्र्य जाहीर केले आणि पुढच्याच महिन्यात मॉस्कोने तेल तोडले, वायूही घटविला. चुलीतला विस्तव ज्याच्या हाती, घरावर हुकमत त्याची! पुढेही वायू एकट्या रशियाकडूनच येत राहिला. देशाची बहुतांश वीज पुरविणारे इग्नालिनाचे अणुवीज केंद्र युरोपीय संघाच्या प्रवेशअटीनुसार २००९ अखेर बंद झाले. अखेर २०१४ मध्ये क्लाइपेडा बंदरात द्रवरूप वायू उतरवून घेणारे एक जहाज भाड्याने आणून उभे केले गेले. त्याचे नाव ‘इंडिपेंडन्स’. त्याच्या चाहुलीनेच रशियाने दर उतरविले. आणि एप्रिल २०२२ मध्ये लिथुआनियाने रशियन वायू घेणेच थांबविले.

वायू आजही परदेशातूनच येतो. मग साधले काय? एकाच दाराशी हात पसरण्याची सक्ती संपली, आणि लहान राष्ट्राचे स्वातंत्र्य बहुधा एवढेच असते. त्याची किंमत नागरिकांनी वायूच्या देयकातील जादा आकारातून मोजली. न आलेल्या संकटावरील खर्च उधळपट्टी ठरतो, हे शासकीय सेवेत आम्ही वारंवार पाहिले आहे. म्हणून त्या समाजाची दूरदृष्टी आम्हांस आदरणीय वाटते.

परंतु प्रश्न येथे संपत नाही. २०२२ मध्ये साऱ्या युरोपने चढ्या दराने द्रवरूप वायू खरेदी केला. त्याच जुलैमध्ये पाकिस्तानने काढलेल्या निविदेला एकही विक्रेता पुढे आला नाही; तेथील सामान्य माणूस उन्हाळ्यात तासन्‌तास विजेविना राहिला. स्वतःचे घर राखणाऱ्याला कोणी दोष देऊ नये. तथापि आपल्या सुरक्षिततेचे मोल तिसराच कोणी दुर्बल चुकवीत असेल, तर तिला निखळ न्याय्य कसे म्हणावे?

आमच्या मते उत्तराचा आरंभ काटकसरीत आहे. नवा पुरवठादार शोधताना कोणाचा तरी वाटा ओढला जाण्याचा संभव असतो. वाचविलेल्या इंधनात तो नसतो. दारे अनेक असावीत हे खरेच, पण गरजही बेताची असावी. या दुसऱ्या अर्ध्या भागाचे धोरण बहुतेक राष्ट्रांनी अद्याप मनापासून लिहिलेले नाही.