युटॉक्सेटरच्या बाजारांतील प्रायश्चित्त

डॉक्टर जॉन्सनच्या खासगी प्रार्थना व संकल्प वर्गांत वाचून दाखवितांना हंशा पिकला नाहीं, असें वर्ष आम्हांस आठवत नाहीं. १७५५ मध्यें इंग्रजी भाषेचा सुप्रसिद्ध कोश सिद्ध करणारा हा प्रचंड पंडित ईस्टरच्या दिवशीं, नववर्षाच्या आरंभीं, स्वतःच्या वाढदिवशीं आणि पत्नीच्या पुण्यतिथीस देवापुढें बसतो, लौकर उठण्याचा, आळस टाकण्याचा व बायबल नेमानें वाचण्याचा संकल्प लिहून काढतो. आणि पुढल्या ईस्टरला पाहावें तों तोच संकल्प पुनः, कारण मागचा मोडलेला! एके वर्षीं हंशा ओसरल्यावर मागच्या बांकावरील एका विद्यार्थ्यानें विचारलें कीं, जो नेम जन्मभर पाळतां आला नाहीं तो बदलून सोपा कां करूं नये? पहांटे उठवत नसेल तर दहा वाजतां उठण्याचा नेम करावा. म्हणजे नेमहि राहील आणि मनालाहि टोंचणी लागणार नाहीं. तेवढ्यांत घंटा झाली, आणि आम्हीं तिचा आश्रय केला.

हा प्रश्न एका आळशी पंडिताच्या झोंपेपुरताच असता, तर घंटेवर निभावून गेलें असतें. परंतु तो सगळ्या ख्रिस्ती धर्माला जाऊन भिडतो. मोशेच्या दहा आज्ञा कडक खऱ्या. तथापि चोरी, खून, खोटी साक्ष यांपासून दूर राहणें संसारी गृहस्थाला अगदींच अशक्य नाहीं. येशूनें डोंगरावरील प्रवचनांत मात्र तें माप असें वाढविलें कीं, त्यांत कोणीच पुरा उतरूं नये. मनांतला राग खुनाच्या पंक्तीस बसला, अभिलाषेची नुसती दृष्टि व्यभिचारांत जमा झाली, आणि पूर्णतेचें जें अखेरचें माप दिलें तें प्रत्यक्ष ईश्वराचें! ज्या धर्माचा दंडक असा, त्याला त्या दंडकाइतकाच, अपुऱ्या पडलेल्या माणसाचा विचार करणें भाग पडतें. पडलेल्याला उठवावयाचें, पण पडणें सोपें करावयाचें नाहीं, ही ती कसरत.

तिची पहिली मोठी कसोटी इ. स. २५० मध्यें लागली. रोमन बादशहा डेशियस यानें सर्व प्रजेनें देवतांना बलि अर्पण करून तसा दाखला घ्यावा असा हुकूम काढला. कांहीं ख्रिस्ती लोक तुरुंगांत गेले, कांहीं प्राणास मुकले. पण पुष्कळांनीं मुकाट्यानें धूप जाळला, आणि कांहींनीं बलि न देतांच पैसे चारून दाखला मिळविला. छळ ओसरल्यावर हेच लोक चर्चच्या दाराशीं परत आले. रोममधील नोव्हेशियन याचें म्हणणें, यांना तें दार कायमचें बंद. उलट, तुरुंगांत हाल सोसलेल्या बंधूंनीं दिलेल्या शिफारसपत्रांवर त्यांना ताबडतोब आंत घ्यावें, असें म्हणणारेहि होते. कार्थेजचा बिशप सिप्रियन याच्या पुढारीपणाखालीं २५१ मध्यें जी सभा भरली तिनें मधला मार्ग काढला. प्रत्यक्ष बलि देणाऱ्यांनीं दीर्घकाल उघड प्रायश्चित्त करावें, आणि नुसता दाखला घेणाऱ्यांचा विचार एकेकाची हकीकत पाहून करावा, असें ठरलें. छळाच्या वेळीं सिप्रियन स्वतः लपून राहिला होता, आणि त्याचे विरोधक तें त्याला ऐकविल्यावांचून राहिले नाहींत. पळालेल्या माणसाला पडलेल्या माणसाचें दुःख अधिक कळत असावें, असें आम्हांस वाटतें. २५८ मध्यें मात्र तो पळाला नाहीं. त्यानें तलवारीखालीं मान दिली.

पुढें हें उघड प्रायश्चित्त मागें पडलें. खासगी कबुलीची चाल आयर्लंडकडील मठांतून युरोपांत पसरली, आणि १२१५ च्या लॅटरन सभेनें प्रत्येकानें वर्षांतून एकदां तरी धर्मगुरूपाशीं आपलीं पापें सांगावींत असा नियम केला. मागाहून दंडमाफीच्या पत्रांचा बाजार भरला, त्यावर १५१७ मध्यें ल्यूथर उठला, आणि माणूस स्वतःच्या कृतींनीं नव्हे तर श्रद्धेनेंच ईश्वरापुढें निर्दोष ठरतो, असें सांगूं लागला. ही कथा वाचकांच्या परिचयाची आहे. आमच्या विषयापुरतें तिच्यांतील एवढेंच घ्यावयाचें कीं, कबुली प्रथम चव्हाट्यावर होती, ती धर्मगुरूच्या कानांत आली, आणि प्रोटेस्टंट देशांत ती बहुतेक त्या माणसाच्या एकट्याच्या मनांत जाऊन बसली.

जॉन्सन (१७०९–१७८४) हा इंग्लंडच्या राष्ट्रीय चर्चचा निष्ठावंत अनुयायी. त्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकांत सर्व मंडळींनीं एका सुरांत म्हणावयाची पापकबुली आहे. तिचें गद्य फार सुंदर आहे. परंतु तींत सर्वांचें पाप येतें म्हणून कोणा एकाचें असें कांहींच येत नाहीं. शेजारचा सावकार आणि त्याचा ऋणको दोघेहि तेच शब्द म्हणून घरीं जातात. जॉन्सनचें तेवढ्यानें भागेना. क्षमा ही ईश्वराची देणगी आहे हें त्याला मान्य होतें. पण ती ज्या अटीवर मिळते ती अट आपण पुरी केली कीं नाहीं, हें कोणीं सांगावें, ही शंका त्याला सोडीना. मृत्यूच्या वर्षीं, जून १७८४ मध्यें, ऑक्सफर्ड येथें मित्रमंडळींत बसला असतां आपण नरकांत जाऊं अशी भीति त्यानें उघड बोलून दाखविली. ज्या घरांत आंधळ्या मिस विल्यम्सला, कफल्लक वैद्य लेव्हेटला आणि आणखी कितीकांना त्यानें वर्षानुवर्षें थारा दिला, त्या घरच्या धन्याची ही भीति! ती ऐकून मित्र गोंधळून गेले.

त्याच्या मनांत कोणत्या आज्ञा सलत होत्या हें आपण सर्वस्वी जाणूं शकत नाहीं. एक मात्र निश्चित ठाऊक आहे. ती पांचवी, आईबापांना मान देण्याची. त्याचे वडील मायकेल जॉन्सन हे लिचफील्ड गांवचे पुस्तकविक्रे. बाजाराच्या दिवशीं ते आसपासच्या गांवीं जाऊन पुस्तकांचें पाल मांडीत. युटॉक्सेटर हें त्यांतलेंच एक. धंदा बसत चाललेला, आणि मुलगा पैशाच्या अभावीं ऑक्सफर्डचें शिक्षण अर्ध्यावर टाकून घरीं बसलेला. वडिलांनीं त्याला बाजारास चलण्यास सांगितलें. तो गेला नाहीं. ग्रीक-लॅटिन जाणणाऱ्या तरुणाला बापाच्या पालावर उभें राहण्याची लाज वाटली. १७३१ मध्यें वडील वारले. सुमारें पन्नास वर्षांनंतर, साऱ्या इंग्लंडांत नांव गाजत असतां, हा स्थूल, आजारी म्हातारा एके दिवशीं मुद्दाम युटॉक्सेटरला गेला, आणि बापाचें पाल जेथें लागत असे नेमक्या त्या जागीं, टोपी काढून, भर पावसांत बराच वेळ उभा राहिला. ही हकीकत त्यानें उतारवयांत लिचफील्डच्या एका तरुण धर्मोपदेशकास सांगितली, आणि बॉस्वेलनें १७९१ सालीं आपल्या चरित्रग्रंथांत ती नमूद केली. नकाराच्या मुळाशीं आपला अभिमान होता, हेंहि त्यानेंच सांगून ठेविलें आहे.

या ठिकाणीं वर्गांत हंशा पिकत नाहीं. आम्ही स्वतः दुकानदाराच्या घरचे. कॉलेजांत गेल्यावर तागडीपाशीं बसण्याची लाज आम्हांसहि वाटली होती. आमचे वडील त्यावर एक शब्दहि बोलले नाहींत, आणि आतां बोलावयास ते नाहींत.

जॉन्सनच्या काळीं चर्चच्या न्यायसभा अपराध्याला पांढरी चादर पांघरवून लोकांसमोर उभें करीत. परंतु युटॉक्सेटरला जाण्याचा हुकूम त्याला कोणीं दिला नव्हता, आणि तो तेथें कां उभा आहे हें बाजारकऱ्यांना ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. मग हा सारा खटाटोप कोणासाठीं? बापाच्या पदरांत त्यानें काय पडलें? पावसांत भिजल्यानें एकहि पुस्तक अधिक खपलें नाहीं. कोणी म्हणेल, हें आपल्याच दुःखाला कुरवाळणें झालें. आणि जॉन्सनचा विषण्ण स्वभाव पाहतां हा आक्षेप पोकळ नाहीं. तथापि त्याच डोंगरावरील प्रवचनांत असें सांगितलें आहे कीं, वेदीपुढें दान घेऊन उभें असतां आपल्या भावाची आपल्याविरुद्ध तक्रार आहे असें आठवलें, तर दान तेथेंच ठेवून आधीं त्या भावाकडे जावें. पापाची कबुली मनांत जाऊन बसली त्या दिवसापासून ज्याचा अपराध झाला तो मनुष्यच त्या व्यवहारांतून गळाला. देव आणि पापी एवढे दोघेच उरले. जॉन्सननें त्या तिसऱ्याची आठवण ठेविली. भाऊ मेलेला असेल तर जावें कोणाकडे, याचें उत्तर प्रवचनांत नाहीं. तो निदान जागेकडे गेला.

आईच्या बाबतींत त्याला थोडी संधि मिळाली होती. १७४० नंतर तो लिचफील्डला गेलाच नव्हता. ती अत्यवस्थ असल्याचें कळल्यावर त्यानें २० जानेवारी १७५९ रोजीं तिला पत्र लिहून केलेल्या व न केलेल्या सर्व गोष्टींबद्दल क्षमा मागितली. २३ तारखेस तिचें दफन झालें. उत्तरक्रियेचा खर्च भागविण्यासाठीं त्यानें ‘रासेलस’ लिहिलें, ही गोष्ट त्या पुस्तकाच्या प्रत्येक प्रस्तावनाकारास सांगावीशी वाटते. वीस वर्षांची गैरहजेरी मात्र बहुधा कोणी काढीत नाहीं.

मराठी बायबलांत ‘पश्चात्ताप’ असा जो शब्द येतो, त्याच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मनाचें परिवर्तन असा आहे. आमच्या शब्दांत मागाहून होणारा दाह आहे, त्यांच्या शब्दांत वळणें आहे. जॉन्सनच्या रोजनिशींत दाहच फार, वळणें थोडें. म्हणूनच तिच्यांतील शेंकडों संकल्पांपेक्षां बाजारांतील ती एक घटका आम्हांस अधिक मोलाची वाटते.

आतां त्या विद्यार्थ्याकडे वळूं. झोंपेपुरते आम्ही त्याच्याच बाजूचे आहों. दुखणाईत शरीराला व उदास मनाला दहापर्यंत निजूं दिल्यानें कोणतीहि दैवी आज्ञा मोडत नाहीं, आणि त्या एका नेमापायीं जॉन्सननें स्वतःचा जो छळ केला त्यांत धर्मापेक्षां रोगाचा भाग मोठा होता. परंतु माप सोपें करण्याची संवय एकदां लागली म्हणजे ती झोंपेपाशीं थांबत नाहीं. तोच मनुष्य पुढें स्वतःची समजूत घालूं शकला असता कीं, वीस-एकवीस वर्षांच्या पोराचा तो पोरकटपणा होता, बापाचें त्यावांचून अडलें नाहीं, आणि पुढें आपण घराण्याचें नांव केलें तें कांहीं थोडें नाहीं. यांतला एकहि शब्द खोटा ठरला नसता. फक्त मायकेल जॉन्सन त्या दिवशीं एकटाच बाजारास गेला, ही गोष्ट हिशेबांतून नाहींशी झाली असती.

शेवटल्या दिवसांत जॉन्सनची भीति निवळली आणि ख्रिस्तावरील विश्वासानें त्याचें मन शांत झालें, असें त्याच्या वैद्यानें सांगितलें आहे. तें आम्ही खरें मानतों. मात्र २ डिसेंबर १७८४ रोजीं, मृत्यूच्या अकरा दिवस आधीं, त्यानें लिचफील्डच्या एका परिचितास पत्र पाठविलें. आईवडील व भाऊ यांना जेथें पुरलें होतें तेथें बसवावयाच्या दगडाचा मजकूर त्यांत होता. दगड जाड, भक्कम व टणक असावा, सोबतचे दहा पौंड पुरले नाहींत तर अधिक पाठवूं, पण काम होईल तितक्या लौकर व्हावें, कारण आपण जिवंत आहों तोंच तें झालेलें हवें, असें त्यानें लिहिलें होतें.