राज्याची तलवार आणि विश्वासणाऱ्याचें अंतःकरण



जे लोक शस्त्रें घेऊन रानांत राहतात, धाक घालून गांवें आपल्या मुठींत ठेवतात व आपलें न ऐकणाऱ्याचा प्राण घेतात, अशा टोळीवर राज्यानें सैन्यबळ चालवावें किंवा न चालवावें? आणि चालविल्यास ख्रिस्ती मनुष्यानें त्यास आपल्या मनाची संमति द्यावी काय? हा प्रश्न मोठ्या शहरांतील राज्यकर्त्यांचा आहे, आपला नव्हे, असें कित्येकांस वाटेल. पण वर्धा नदी ओलांडली कीं चंद्रपूर जिल्हा लागतो व त्याच्या पलीकडे गडचिरोलीचें रान सुरू होतें. त्या रानांत ता. १३ नोव्हेंबर २०२१ रोजीं मर्दिनटोला येथें दिवसभर गोळीबार झाला व सव्वीस मृतदेह मिळाले. माओवादी पक्षाच्या मध्यवर्ती समितीचे सभासद मिलिंद तेलतुंबडे हे त्यांत होते. ते आमच्याच वणी तालुक्यांतील राजूर गांवचे, आणि एके काळीं कोळशाच्या खाणींत नोकरी करणारे. तेव्हां हा प्रश्न आपल्या उंबरठ्यावरचा आहे, व शास्त्राच्या उजेडांत त्याचा विचार करणें आपणांस प्राप्त आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. इ. स. १९६७ मध्यें बंगालांतील नक्षलबारी येथें उठलेली ही चळवळ १९८० च्या सुमारास गोदावरीकांठच्या तेलुगु मुलुखांतून प्राणहिता ओलांडून इकडे आली. त्या काळीं रानांतील गोंड व माडिया बंधूंची दशा फार वाईट होती. बांबू त्यांच्या रानचा, पण तोडीची मजुरी ठेकेदार ठरवील ती. तेंदूपानांचे पुडे त्यांनीं बांधावे, पण भाव दुसऱ्यानें सांगावा. आणि जंगलच्या शिपायाचा धाक निराळाच. शस्त्रधारी तरुण आले, त्यांनीं मजुरी वाढवून घेतली व तो धाक मोडला, म्हणून लोकांनीं त्यांस भाकर घातली. ही गोष्ट लपवून चालणार नाहीं. परंतु ज्या बंदुकीनें ठेकेदारास भेवडाविलें, तीच पुढें गरिबाच्या छातीकडे वळली. अमका पोलिसांचा खबरी आहे असा संशय आला कीं त्यास घरांतून ओढून नेत व ठार मारीत. असे शेंकडों लोक मेले, आणि त्यांतील बहुतेक आदिवासीच होते. पोलीस शिपाईहि मेले: २००९ ह्या एकाच वर्षीं मरकेगांव येथें पंधरा, हत्तीगोटा येथें सोळा व लाहेरी येथें सतरा, आणि ता. १ मे २०१९ रोजीं जांभुळखेड्याजवळ सुरुंगानें पंधरा शिपाई व त्यांच्या गाडीचा चालक. जे गरिबांचे कैवारी म्हणून आले, त्यांनीं गरिबांच्याच घरांत विधवा केल्या.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. राज्यास तलवार धरण्याचा अधिकार आहे काय? पौल प्रेषित रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायांत सांगतो कीं अधिकारी हा देवाचा सेवक आहे आणि वाईट करणाऱ्यानें त्याच्या तलवारीचें भय बाळगावें. हें त्यानें कोणा ख्रिस्ती राजाविषयीं लिहिलें नाहीं; त्या वेळीं रोमच्या गादीवर नीरो होता. ह्यावरून राज्याचा तो अधिकार राज्यकर्त्याच्या साधुत्वावर अवलंबून नाहीं, तर दुर्बळाचें रक्षण व्हावें ह्या देवाच्या हेतूवर अवलंबून आहे असें दिसतें. आपल्याकडे शेतकरी ज्वारीच्या दिवसांत रात्रीं मचाणावर जागलीस बसतो. जो राखणदार पीक लुटलें जात असतां डोळे मिटून पडतो, त्यास कोणी दयाळू म्हणत नाहीं. त्यास आळशी म्हणतात. राज्य हें प्रजेचें राखणदार आहे. ज्या गांवीं रात्रीं माणूस ओढून नेला जातो, तेथें राज्यानें हात जोडून बसणें हा मेलेल्यांच्या मुलांबाळांवर अन्याय होय.

येथें कोणी विचारील कीं, प्रभूनें तर एका गालावर मारणाऱ्यापुढें दुसरा गाल करण्यास शिकविलें. मेनोनाइट व क्वेकर बंधु ह्या वचनास धरून शस्त्र मुळींच हातीं घेत नाहींत, आणि त्यांची साक्ष आपण आदरानें ऐकावी. कारण त्यांनीं तिच्यासाठीं तुरुंगवास सोसला आहे. तरी एक गोष्ट पाहावी. माझा गाल माझा आहे, तो मी पुढें करीन. शेजाऱ्याचा गाल पुढें करण्याचा अधिकार मला कोणीं दिला? स्वतःचा अपमान सोसणें ही क्षमा आहे. दुसऱ्याचा खून स्वस्थपणें पाहणें ही क्षमा नव्हे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले तेव्हां त्यानें त्यांस शिपाईगिरी सोडा असें सांगितलें नाहीं. कोणास लुबाडूं नका, खोटा आळ घेऊं नका व आपल्या पगारांत तृप्त राहा, अशा अर्थाचा बोध केला. ह्यास्तव आपल्या मंडळ्यांतील जे तरुण पोलिसांत आहेत, त्यांनीं आपला धंदा पापाचा आहे असें मानून झुरूं नये.

मग राज्यानें वाटेल तसें बळ वापरावें काय? नाहीं. योहानाच्या त्या बोधांतच मर्यादा आहे. तलवार देवाची सेवक आहे तोंवरच ती तलवार. सूडाची दासी झाली कीं ती दरोडेखोराची सुरी होते. ही मर्यादा चार ठिकाणीं दिसून येते.

पहिली मर्यादा ही कीं अपराधी व निरपराधी ह्यांची निवड झाली पाहिजे. सदोमाचा नाश होणार असें कळल्यावर अब्राहामानें देवापाशीं रदबदली केली कीं दुष्टाबरोबर नीतिमानाचाहि घात होऊं नये. आणि पन्नासांपासून दहांपर्यंत तो उतरत आला तरी देव त्यावर रागावला नाहीं. आज पुष्कळांस हाच प्रश्न विचारणारा मनुष्य बंडखोरांचा मित्र वाटतो. तसें असतें तर अब्राहाम सदोमकरांचा मित्र ठरता. छत्तीसगडांत विजापूर जिल्ह्यांतील सारकेगुडा येथें जून २०१२ मध्यें रात्रीं सुरक्षादलाच्या गोळ्यांनीं सतरा गांवकरी मेले. त्यांत मुलेंहि होतीं. पुढें न्यायमूर्तींच्या चौकशी आयोगानें, हे लोक माओवादी होते ह्यास पुरावा नाहीं, असा निर्णय दिला. तो निर्णय लोकांपुढें येण्यास २०१९ साल उजाडावें लागलें. त्याच मुलुखांत २००५ पासून सलवा जुडूमच्या नांवानें आदिवासी तरुणांच्याच हातीं बंदुका देऊन त्यांस आपल्या भाऊबंदांवर सोडण्यांत आलें. सर्वोच्च न्यायालयानें जुलै २०११ मध्यें तें बेकायदेशीर ठरविलें. डुकरें हांकण्यासाठीं जो शेजाऱ्याच्या उभ्या पिकास आग लावतो, त्यास राखणदार म्हणत नाहींत.

दुसरी मर्यादा हत्याराच्या निवडीची. फौज व पोलीस ह्यांत भेद आहे. फौजेचें शिक्षण परराष्ट्राच्या शत्रूस जिंकण्याचें. पोलिसाचें काम अपराध्यास धरून न्यायाधीशापुढें उभें करण्याचें. ता. ६ एप्रिल २०१० रोजीं दंतेवाड्याच्या रानांत राखीव पोलीस दल व स्थानिक पोलीस मिळून शहात्तर जण मारले गेले, तेव्हां फौज पाठवा, विमानांतून मारा करा, अशी ओरड देशभर झाली. तरी सरकारनें फौजेस त्या लढाईंत उतरविलें नाहीं. तें योग्यच झालें. रानांत लपलेला मनुष्य कितीहि मोठा अपराधी असला तरी तो ह्याच देशाचा आहे. त्याचें नांव ह्याच देशांतील कोणा गांवच्या शाळेच्या दाखल्यांत आहे. गडचिरोलींत १९९० मध्यें सी-६० नांवाचें पथक उभारलें, त्यांत त्याच जिल्ह्यांतील तरुण घेतले. म्हणजे गोंडी बोलणारा शिपाई व गोंडी बोलणारा बंडखोर समोरासमोर आले. जेथें दोन्हीकडचीं प्रेतें एकाच भाषेंत रडलीं जातात, तेथें युद्धाची भाषा बोलूं नये.

तिसरी मर्यादा, परत येण्याचें दार उघडें असावें. आफ्रिकेंतील हिप्पो शहराचा अध्यक्ष आगस्तीन ह्याच्या काळीं सर्कमसेलियन नांवाची एक हिंसक टोळी होती. तिच्या लोकांनीं मंडळीच्या एका वडिलास ठार केलें व दुसऱ्याचा डोळा फोडून बोट तोडलें. अपराधी धरले गेले व त्यांनीं कबुली दिली. तेव्हां इ. स. ४१२ च्या सुमारास आगस्तीनानें अधिकाऱ्यास पत्र लिहून विनंती केली कीं ह्यांस पुन्हा अपाय करतां येणार नाहीं असें बांधून ठेवा, कांहीं उपयोगी कामास लावा, पण ज्या दुःखानें त्यांनीं आम्हांस पीडिलें त्याच दुःखानें त्यांस पिडूं नका. ज्यांचा वध झाला ते त्याचेच सोबती होते हें ध्यानांत घ्यावें. आपल्या प्रांतींचाहि दाखला आहे. १८१७-१८ मध्यें कुंपणी सरकारनें पेंढाऱ्यांवर एक लाखाहून अधिक फौज आणली. चितू पेंढारी शरण आला नाहीं. अशीरगडाजवळच्या रानांत त्यास वाघानें खाल्लें. करीमखान शरण आला, त्यास गोरखपुराकडे जमीन मिळाली व तो तेथें राहिला. फौजेनें टोळ्या मोडल्या खऱ्या. पण जो मनुष्य नांगराला लागला, तो पुन्हा लुटीस निघाला नाहीं. आमच्याच काळीं ता. १ जानेवारी २०२५ रोजीं ताराक्का व तिचे सोबती, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत तिचा पति भूपति हा सुमारें साठ सोबत्यांसह, गडचिरोलींत मुख्यमंत्र्यांपुढें शस्त्रें ठेवून परत आलीं. मर्दिनटोल्याच्या दिवसापेक्षां हे दिवस राज्यास अधिक शोभणारे आहेत असें मी म्हणतों.

चौथी मर्यादा, तलवारीच्या मागोमाग न्याय चालत आला पाहिजे. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) ह्या लहानशा गोंड गांवास वनहक्काच्या कायद्यानें २००९ मध्यें सुमारें अठराशें हेक्टर रानाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ पासून तें गांव आपला बांबू आपणच विकूं लागलें. जें बंदुकीनें इतकीं वर्षें मिळालें नाहीं, तें ग्रामसभेनें एकत्र बसून, कागद लिहून व धीर धरून मिळविलें. जें सरकार रानांत ठाणें बांधतें पण शाळा, दवाखाना व हक्काचा कागद आणीत नाहीं, तें एक टोळी मोडतें व दुसरीचें बीं पेरतें.

येथवर राज्याचें कर्तव्य झालें. आतां आपलें. पौलानें तलवारीविषयीं लिहिलें त्याच्या अगदीं आधींचा अध्याय बारावा आहे, आणि त्यांत तो विश्वासणाऱ्यांस सांगतो कीं सूड देवाकडे सोडावा व भुकेल्या वैऱ्यास खाऊं घालावें. दोन्ही अध्याय एकाच हातानें, एकाच पत्रांत लिहिले आहेत. राज्याच्या हातीं तलवार असेल. विश्वासणाऱ्याच्या अंतःकरणांत ती नसावी. योना संदेष्टा निनवे शहराबाहेर मांडव घालून बसला, तो त्या शहराचा नाश डोळ्यांनीं पाहण्यासाठीं. आज आपणांपैकीं किती जण वर्तमानपत्र हातीं घेऊन त्याच मांडवाखालीं बसतात! आज किती मेले, हा आकडा वाचून कित्येकांस चहा गोड लागतो. नीतिसूत्रांत शत्रु पडला असतां आनंद करूं नको असें बजाविलें आहे. बळाचा वापर कधीं कधीं आवश्यक आहे हें मीं वर मान्य केलें आहे. पण जें आवश्यक आहे तें सर्व आनंदाचें असतें असें नाहीं. वैद्य पाय कापतो, पण पेढे वांटीत नाहीं.

ह्यांतून आपल्या मंडळ्यांनीं तीन गोष्टी धराव्या. उपासनेंत शिपायांसाठीं प्रार्थना होते, तशी रानांतील लोकांसाठीं व दोन्हीकडच्या आयांसाठींहि व्हावी. जो शस्त्र ठेवून परत आला, त्यास मजुरीवर घेण्यास व आपल्या विहिरीवर पाणी देण्यास ख्रिस्ती मनुष्यानें कचरूं नये. कारण आपण सर्वच शरण येऊन वांचलेले लोक आहों. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: जिभेस आवर घालावा. अमका खबरी आहे, एवढ्या एका शब्दानें रानांत माणसें मेलीं. अमका नक्षल आहे, एवढ्या एका शब्दानें गरीब मनुष्य तुरुंगांत पडूं शकतो. पारावर, चहाच्या दुकानांत किंवा बांधाच्या भांडणांत असा शब्द सहज तोंडांतून जातो, आणि बोलणारा रात्रीं स्वस्थ निजतो. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊं नये ही आज्ञा केवळ कचेरीसाठीं नाहीं. सैन्य पाठवावें किंवा न पाठवावें हें ठरविण्यास आपणांस कोणी बोलावणार नाहीं. पण हा एक शब्द उच्चारावा किंवा गिळावा हें ठरविणें प्रत्येकाच्या हातीं आहे.

राज्यकर्त्यांस निर्भयपणा व न्याय, शिपायांस संयम, रानांतील वाट चुकलेल्यांस परत येण्याची बुद्धि आणि आपणांस कोमल अंतःकरण परमेश्वर देवो.