नोंदीचे पहिले वाक्य

कोशातली नोंद व्याख्येनेच सुरू व्हावी का, हा वाद हल्ली वाचकाच्या सोयीचा म्हणून मांडला जातो. व्याख्या रुक्ष असते, वाचक पळतो, तेव्हा आधी एखादा किस्सा सांगा. याला उत्तर देण्याची गरज नाही. कोश उघडणारा माणूस करमणुकीला आलेला नसतो (काही जण येतात, मीही त्यांतलाच, पण आमच्यासाठी कोश काढत नाहीत).

वजनदार आक्षेप विद्वानांचा आहे. ज्याला इतिहास आहे त्याची व्याख्या होत नाही, अशा अर्थाचे नीत्शेचे विधान ते पुढे करतात. जात, राष्ट्र, धर्म, फार काय एखादे गावही बदलत राहते. पहिल्याच वाक्यात त्याला जखडले की चर्चा संपली. म्हणून आधी 'संदर्भ' द्या, 'बहुविध अर्थ' मांडा, आणि ती गोष्ट काय आहे हे वाचकावर सोडा.

मराठी वाचकाला तरी हे पटायला नको. ज्ञानकोशकार केतकरांनी १९०९ साली जातींच्या इतिहासावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात जातीची दोन लक्षणे सांगितली: सभासदत्व जन्माने मिळते आणि गटाबाहेर लग्नाला बंदी असते. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात आंबेडकरांनी सेनार, नेसफील्ड, रिस्ले यांच्या व्याख्या तपासल्या, केतकरांची सरस ठरवली आणि मग तिच्यावरच बोट ठेवले. ही लक्षणे दोन नाहीतच. लग्न गटातच करायचे ठरले की बाहेरच्या रक्ताचा सभासद जन्माला येणार कुठून? उरला एकटा अंतर्विवाह. तो टिकवायचा तर विधवेचे आणि विधुराचे काय करायचे, या प्रश्नातून त्यांनी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांची संगती लावली. म्हणजे इतिहास आला तो व्याख्येचे बोट धरूनच. केतकरांनी 'जात ही गुंतागुंतीची, अनेकपदरी संस्था आहे' एवढेच लिहिले असते, तर आंबेडकरांनी खोडायचे काय? असल्या वाक्याला चुकण्याची सोयच नसते, आणि आमचे इतिहासप्रेमी नेमके असलेच वाक्य सर्वांत वर ठेवायला सांगतात.

इतिहासाशी माझे वैर नाही. केतकरांनी स्वतः अकारविल्हे नोंदींच्या आधी पाच प्रस्तावनाखंड काढले होते. प्रश्न नोंदीच्या तोंडाशी काय असावे एवढाच आहे, आणि तिथे वेदान्त्यांचा एक जुना भेद मला पुरतो. देवदत्ताचे घर कोणते? ज्यावर कावळा बसलाय ते. हे तटस्थलक्षण. घर सापडते, पण कावळा काही घराचा भाग नव्हे. वस्तू मुळात काय आहे हे सांगते ते स्वरूपलक्षण.

चेन्नईच्या दक्षिणेचे शोळिंगनल्लूर घ्या. 'आयटी कंपन्यांसाठी प्रसिद्ध, झपाट्याने विकसित होणारा परिसर' अशी त्याची ओळख करून दिली जाते. हा कावळा. शिवाय अतिव्याप्ती आहेच: हे वर्णन पेरुंगुडीला बसते, सिरुसेरीला बसते, आपल्या हिंजवडीलाही बसते. गावाच्या नावाचा तालुका आहे, विधानसभा मतदारसंघ आहे, महानगरपालिकेचा १५ वा विभागही आहे, आणि या सगळ्यांच्या सीमा एक नाहीत. 'परिसर' म्हटले की यांतले काहीच ठरवावे लागत नाही. त्या वर्णनाचे आकर्षण बहुधा तेच असावे.

मी असे लिहीन: 'तमिळनाडूतील चेन्नई शहराच्या दक्षिणेस, जुन्या महाबलिपुरम रस्त्यावरील उपनगर, पूर्वीची नगरपंचायत, २०११ पासून चेन्नई महानगरपालिकेत समाविष्ट.' यात बकिंगहॅम कालवा नाही, पळ्ळिकरणैची पाणथळ जमीन नाही, कंपन्या नाहीत. त्यांनी दुसऱ्या वाक्यापासून यावे. तालुक्याला आणि मतदारसंघाला वेगळ्या नोंदी द्याव्यात. हरकत घ्यायचीच तर 'उपनगर'वर घ्या. शहरातून जिथे रोज सकाळी माणसे कामाला येतात, त्या ठिकाणाला उपनगर म्हणावे का, याबद्दल माझी स्वतःची खात्री नाही.