नाचणीचे देणे

बंगळुरूच्या बेळ्ळंदूर तलावाने २०१५ ते २०१८ या काळात एकदा नव्हे, अनेकदा पेट घेतला. आग नसे तेव्हा फेस असे. सांडव्यावरून कोसळणाऱ्या पाण्याचे पांढरे डोंगर यमलूरच्या रस्त्यावर येत आणि वाऱ्याने उडून दुचाकीवाल्यांच्या अंगावर पडत. शेवटी कडेने जाळ्या लावाव्या लागल्या. राष्ट्रीय हरित लवादाने दखल घेतली, समित्या झाल्या, जलपर्णी काढली गेली, गाळ उपसायला सुरुवात झाली. या सगळ्यात चर्चा झाली ती पाण्याची. माझे म्हणणे असे आहे, की बेळ्ळंदूरचा प्रश्न मुळात मातीचा आहे. कोलार, तुमकूर, रामनगर, मंड्या इथल्या शेतांमधून जी अन्नद्रव्ये धान्या-भाजीच्या रूपाने शहरात येतात, ती शेतात परत जात नाहीत, तलावात जातात. तलावाला झालेले अजीर्ण आणि शेताची उपासमार यांचे कारण एकच आहे. मात्र आपण दोन्हींवर वेगवेगळ्या खात्यांतून, वेगवेगळ्या पैशांनी इलाज करत राहतो.

हिशेब नाचणीपासून सुरू करू, कारण या पठाराचे खरे अन्न तेच. एक क्विंटल नाचणीच्या दाण्यात साधारण सव्वा किलोच्या आतबाहेर नत्र, पाव किलोहून थोडे जास्त स्फुरद आणि जवळजवळ ३५० ग्रॅम कॅल्शियम असते. हे सगळे झाडाने मुळावाटे जमिनीतून उचललेले असते. ज्या जमिनीतून ते उचलले ती कशी आहे, हेही पाहायला हवे. महाराष्ट्रातल्या वाचकाच्या डोळ्यांसमोर जमीन म्हटली की काळी, भेगाळणारी, पाणी धरून ठेवणारी जमीन येते. बंगळुरूभोवतीची माती लाल आहे. तिच्या खाली सुमारे तीन अब्ज वर्षांचा नाइस खडक आहे. लालबागेतल्या टेकडीवर तो उघडा दिसतो आणि राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जपलेला आहे. हा खडक युगानुयुगे कुजत, धुपत ही माती झाली. वाटेत विरघळणारे क्षार पावसाने नेले आणि मागे राहिली लोहाच्या ऑक्साइडांची लाली आणि केओलिन जातीची चिकणमाती. काळ्या मातीतला चिकणमातीचा कण पाणी आणि अन्नद्रव्ये धरून ठेवतो. केओलिनचा कण त्या मानाने फारच थोडे धरतो. वर लोहाचे ऑक्साइड स्फुरदाला असे पकडून बसते, की जमिनीत असूनही ते मुळांच्या हाती सहज लागत नाही. अशा जमिनीत अन्नद्रव्ये टिकतात ती मुख्यतः सेंद्रिय कर्बाच्या, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्याच्या आणि त्यात राबणाऱ्या जिवाणू-बुरश्यांच्या जोरावर. ही जमीन भांडवलावर जगत नाही. तिचे चालते ते रोजच्या येण्याजाण्यावर, आणि येणे थांबले की ती फार लवकर उघडी पडते.

हे जुन्या लोकांना प्रयोगशाळेशिवाय माहीत होते, असे मानायला पुरावा आहे आणि तो पुरावा म्हणजे इथले तलाव. बंगळुरूला बारमाही नदी नाही. शहर वसले आहे सुमारे ९०० मीटर उंचीच्या एका वरवंड्यावर. पूर्वेचे पाणी दक्षिण पिनाकिनीकडे जाते, पश्चिमेचे वृषभावती आणि अर्कावती या वाटेने कावेरीला मिळते. म्हणून उतारावर एकाखाली एक बांध घातले गेले. वरचा तलाव भरला की त्याचा सांडवा राजकालुव्यातून, म्हणजे तलाव जोडणाऱ्या मोठ्या नाल्यातून, खालच्या तलावात जाई. १५३७ मध्ये केंपेगौडांनी शहर वसवले तेव्हा आणि त्याच्या आधीपासूनही हे काम चालत आले. १६३८ नंतर शहाजीराजांची जहागीर इथे होती तेव्हा ज्या बंगळुरूचा महसूल येत होता तोही याच तलावांखालच्या शेतीचा. आपल्याकडच्या पाटकऱ्यासारखा इथे नीरगंटी असे. कोणाच्या वाफ्यात किती वेळ पाणी, हे तो ठरवी. या व्यवस्थेतला फारसा न सांगितला जाणारा भाग म्हणजे गाळ. उन्हाळ्यात तलाव आटला की शेतकरी तळाचा गाळ गाड्यांनी शेतात नेत. पावसाने शेतातून वाहून आणलेली बारीक माती, शेण, पालापाचोळा, पाण्यातल्या वनस्पतींचे अवशेष, हे सगळे त्यात असे. म्हणजे तलाव हा नुसता पाण्याचा साठा नव्हता. उताराने जे नेले ते अडवून परत वर पाठवण्याची ती जागा होती. महाराष्ट्रात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या नावाने जी योजना चालते, तिच्या मुळाशी हीच जाण आहे.

ही साखळी तुटली ती नळाने, आणि नळ आणणाऱ्यांना दोष देता येणार नाही. १८९० च्या दशकात हेसरघट्ट्याचे पाणी नळाने शहरात आले, १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचे, आणि १९७४ पासून कावेरीचे. कावेरी सुमारे १०० किलोमीटरवरून, जवळजवळ अर्धा किलोमीटर वर चढवून आणली जाते. २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या पाचव्या टप्प्याने त्यात दिवसाला ७७५ दशलक्ष लिटरांची भर घातली. पाणी घरात आले तसे जवळच्या तलावाचे काम संपले. संपंगी तलावाच्या जागी कंठीरव स्टेडियम उभे राहिले, धर्मांबुधीच्या जागी मॅजेस्टिकचे बसस्थानक. जे तलाव उरले त्यांच्याकडे राजकालुव्यांतून पावसाऐवजी मैलापाणी जाऊ लागले. आलेले पाणी कुठेतरी जाणारच. प्रश्न आहे त्यासोबत काय गेले, हा. आपल्याकडच्या आहारावर जगणारा माणूस वर्षाला शरीराबाहेर टाकतो ते नत्र साधारण अडीच-तीन किलो आणि स्फुरद ४०० ग्रॅमच्या आसपास. खाल्लेले जवळजवळ सगळेच परत निघते, कारण वाढ पूर्ण झालेले शरीर ते साठवत नाही. शहराची वस्ती सव्वा कोटी धरली, तर वर्षाला ३०,००० टनांवर नत्र गटारात जाते. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यांत मोजले तर चौदा लाखांहून अधिक पोती. हा ढोबळ हिशेब आहे आणि त्यात भाजीची साले, उरलेले अन्न, बाजारातला ओला कचरा धरलेला नाही.

तलावात पोचल्यावर ही अन्नद्रव्ये निष्क्रिय बसत नाहीत. परिसंस्थेत ज्या घटकाची टंचाई असते त्यावर तिची वाढ अडलेली असते. गोड्या पाण्यात बहुधा ती टंचाई स्फुरदाची. ते ओतले की जलपर्णी आणि शेवाळ झपाट्याने पसरतात, उन्हाची वाट अडते, मेलेल्या वनस्पती तळाशी कुजू लागतात, आणि कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. मग मासे मरतात. प्राणवायू संपल्यावर दुसऱ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात आणि त्यांच्या कामातून मिथेन निघतो. साबण-पावडरींमधला फेसाळ अंश अपुऱ्या शुद्धीकरणातून सुटून तळच्या गाळात साठतो. जोराच्या पावसाने तो ढवळला गेला आणि पाणी सांडव्यावरून आपटले की यमलूरचा फेस तयार होतो. कोणी म्हणेल, फेस साबणाचा आहे, त्याचा नाचणीशी संबंध काय? फेसापुरते ते खरे आहे. पण फेस उद्या थांबला, साबण बदलला, तरी जलपर्णी थांबणार नाही. तिचे खाद्य साबणातून येते त्याहून जास्त आपल्या ताटातून येते.

गंमत नव्हे, खंतच वाटावी अशी गोष्ट म्हणजे या प्रश्नाचे शास्त्र याच शहरात घडले. मैलापाण्यात हवा सोडून जिवाणूंकरवी ते शुद्ध करण्याची जी पद्धत आज जगभर वापरली जाते, ती १९१४ मध्ये मँचेस्टरला निघाली. तिच्यामागे ज्यांची प्रेरणा होती ते गिल्बर्ट फाउलर १९१६ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि इथे त्यांनी नत्र वाया जाऊ न देण्याचा ध्यास घेतला. पुढे १९३९ मध्ये सी. एन. आचार्य यांनी शहरी कचरा आणि मैला यांपासून खत करण्याची पद्धत बसवली. ती शेतीशास्त्राच्या पुस्तकांत आजही ‘बंगळूर पद्धत’ म्हणूनच शिकवतात. साधारण हात-दोन हात खोल चर, त्यात वीतभर कचऱ्याचा थर, त्यावर दोन-चार बोटे मैल्याचा, पुन्हा कचरा, असे करत चर भरायचा आणि वर मातीचा लेप द्यायचा. सुरुवातीला हवा असते तेव्हा आतले तापमान चांगलेच चढते आणि रोगजंतू मरतात. मग हवा संपते आणि पुढचे कुजणे मंद गतीने, खालीवर न करता, काही महिने चालते. मराठी शेतकऱ्याच्या भाषेत हे सोनखतच, पण शिस्तीने केलेले.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप येतो आणि त्याला बगल देऊन पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. जुनी साखळी चालत होती ती कोणाच्या डोक्यावर? मैल्याच्या पाट्या वाहणाऱ्या जातींच्या. कर्नाटकात बी. बसवलिंगप्पा मंत्री असताना १९७० च्या दशकात डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा बंद करण्यात आली. देशाचे कायदे १९९३ आणि २०१३ मध्ये झाले. नळ आणि गटार यांनी या माणसांची सुटका केली, निदान करायला हवी होती, आणि ज्याला अन्नद्रव्यांच्या साखळीपेक्षा ही सुटका महत्त्वाची वाटत नाही त्याच्याशी माझा वाद सुरूच होऊ शकत नाही. तेव्हा जुने परत आणा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. साखळी जोडायची तर माणसाचा हात न लागता. आणि ते होऊ शकते. विमानतळाजवळच्या देवनहळ्ळीत २०१५ पासून शोषखड्ड्यांचा मैला टँकरने आणून त्यावर प्रक्रिया करण्याचे केंद्र आहे. तिथला वाळलेला गाळ ओल्या कचऱ्याबरोबर कुजवून खत होते. परंपरेच्या नावाने जे हळवे होतात त्यांनी आणि आधुनिकतेच्या नावाने जे हा विषय घाण म्हणून बाजूला सारतात त्यांनी, दोघांनीही देवनहळ्ळी पाहावी.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. युरिया आणि डीएपी स्वस्तात मिळत असताना एवढा खटाटोप कशाला? युरिया नैसर्गिक वायूपासून होतो, स्फुरद खडकातून येते, आणि त्या खडकासाठी भारत बहुतांशी मोरोक्को, जॉर्डन, इजिप्त अशा देशांवर अवलंबून आहे. ही अवलंबित्वाची बाजू झाली, पण मातीची बाजू अधिक महत्त्वाची. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठात, जीकेव्हीकेच्या आवारात, नाचणीवर दीर्घ मुदतीचे प्रयोग १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून चालू आहेत. वर्षानुवर्षे एकाच वाफ्याला एकच उपचार देत राहिल्यावर जे दिसते ते एका हंगामात दिसत नाही. नुसते नत्र देत गेलेल्या लाल जमिनीत आम्लता वाढते आणि उत्पादन घसरते. संतुलित खतांबरोबर शेणखत दिलेले वाफे टिकून राहतात. म्हणजे रासायनिक खत वाईट असे नव्हे. ते पीक वाढवते. या मातीचा कणा असलेला कर्ब ते पुरवत नाही. शेणखत तेवढे कुठून आणायचे, हा शेतकऱ्याचा प्रश्न रास्त आहे. गोठे रिकामे होत चाललेत आणि कर्ब मात्र शहरात साचला आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. शहराच्या पाण्यात फक्त अन्नद्रव्ये नसतात. वृषभावतीत पीण्या आणि तिच्यासारख्या औद्योगिक वसाहतींचेही पाणी उतरते. तिच्यावरचा बैरमंगला जलाशय सिंचनासाठी बांधला गेला. आज त्याच्या लाभक्षेत्रातले शेतकरी भातापासून दूर गेले आहेत आणि बेबीकॉर्न, चाऱ्याचे गवत अशा पिकांवर आले आहेत. परतावा शेतापर्यंत पोचला, पण विष मिसळून. म्हणून २०१८ मध्ये कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातले दिवसाला ४४० दशलक्ष लिटर शुद्ध केलेले मैलापाणी कोलारच्या शंभराहून अधिक तलावांत सोडण्याची योजना सुरू झाली, तेव्हा लोक घाबरले ते उगाच नाही. लक्ष्मीसागर तलावात फेस दिसला, प्रकरण उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. शुद्धीकरण दुसऱ्या टप्प्यावर थांबते, तिसरा टप्पा हवा, ही कार्यकर्त्यांची मागणी मला पूर्णपणे पटते. तरीही योजनेची दिशा चुकीची आहे असे मला वाटत नाही. कोलारमध्ये कूपनलिका हजार-बाराशे फुटांवर गेल्या असताना भरलेला तलाव म्हणजे काय, हे तिथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. चूक आहे ती मिसळण्यात. कारखान्याचे पाणी आणि घरचे मैलापाणी एका गटारात गेले की कोणताही टप्पा पुरा पडत नाही. वेगळे ठेवले की काम सोपे होते, याचे उदाहरण शहराच्या उत्तरेला जक्कूरमध्ये आहे. शुद्धीकरण केंद्रातले पाणी आधी पाणवनस्पतींच्या उथळ दलदलीतून फिरते, तिथे बरीच अन्नद्रव्ये वनस्पती उचलतात, मग ते तलावात उतरते. आसपासच्या विहिरींना त्याचा पाझर मिळतो आणि तलावात मासेमारी चालते. मात्र त्या दलदलीतली वाढलेली वनस्पती वेळच्या वेळी कापून बाहेर काढली नाही, तर ती तिथेच कुजून सगळे पुन्हा पाण्यात सोडते. कापलेली वनस्पती जाणार कुठे, हा प्रश्न मग उरतोच.

तिचे खत करायचे म्हटले की जागेची अडचण पुढे येते. कुडलूजवळ १९७५ पासून राज्याच्या कंपोस्ट महामंडळाचा प्रकल्प होता. भोवती वस्ती वाढली आणि दुर्गंधीच्या तक्रारी सुरू झाल्या. त्या तक्रारी खोट्या नव्हत्या. प्लॅस्टिक मिसळलेला, सडलेला कचरा आला तर वास येणारच. कचरा घरातच वेगळा करण्याचे आदेश कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१२ मध्येच दिले आहेत, आणि जिथे ते पाळले जातात तिथल्या खताला घेणारा मिळतो. तेव्हा मागणी करायची ती मोजमापाची. जलमंडळ किती लिटर पुरवले आणि किती लिटर शुद्ध केले ते सांगते. महापालिका किती टन कचरा उचलला ते सांगते. किती टन स्फुरद आणि कर्ब शहरात आला, त्यातला किती जमिनीला परत गेला, किती बेळ्ळंदूर आणि त्याच्या खालच्या वर्तूर तलावाच्या गाळात बसला, हे कोणत्याही अर्थसंकल्पात एका ओळीनेही येत नाही. तो ताळेबंद जलमंडळ, महापालिका आणि कृषी विद्यापीठ यांनी मिळून दरवर्षी मांडावा. त्यासाठी लागणारी मोजणीची यंत्रे, माणसे आणि शास्त्र तिन्ही या शहरात आहेत, आणि बेळ्ळंदूरच्या तळातून उपसलेल्या गाळाची तपासणी ही त्याची पहिली नोंद होऊ शकते: कोणता भाग शेतात पाठवण्याजोगा, कोणता जड धातूंमुळे वेगळा पुरण्याजोगा, आणि त्या जड धातूंचा उगम कोणत्या कारखान्यांच्या वाटेवर.