मागच्या रांगेतील व्हायोलिन

पुण्याच्या माणसाला मैफल म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. १९५३ साली पंडित भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला आणि तेव्हापासून डिसेंबरची थंडी व गाणे यांचे नाते या शहरात जडले ते जडलेच. मफलर, थर्मासमधला चहा आणि मांडी ठोकून बसलेली हजारो माणसे. व्यासपीठाच्या मध्यभागी गायक, एका बाजूस तबला, दुसऱ्या बाजूस पेटी आणि मागे दोन तानपुरे. निवेदक गायकाचे नाव घेतो, तबल्याच्या व पेटीच्या साथीदारांचे घेतो. तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्यांची नावे कधी घेतली जातात, कधी राहून जातात. गंमत अशी, की त्या तास-दीड तासात गायक श्वास घेण्यापुरता थांबतो, तबलाही आलापीत थांबतो. एक क्षणही न थांबता वाजत असतो तो तानपुराच.

ज्याचे नाव घेतले जात नाही, त्याचे काम लहान असते काय? आणि ते लहान नसेल, तर त्याचे नाव न घेणे योग्य ठरते काय? हे दोन प्रश्न एकच आहेत असे वरवर पाहता वाटते. आमच्या मते ते दोन आहेत, आणि त्यांची गल्लत केल्यामुळे पुष्कळ घोटाळा झाला आहे. तो उलगडून पाहण्यासाठी वाचकांना थोडे मुंबईला न्यावे लागेल. कारण हा प्रश्न जितका उघडा पडतो सिंफनी वाद्यवृंदात, तितका आपल्या मैफलीत पडत नाही.

मुंबईत सिंफनी ऐकण्याची परंपरा जुनी आहे. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली; पुढे जगभर नावाजलेले झुबिन मेहता हे त्यांचेच पुत्र. २००६ साली नरीमन पॉइंट येथील एन.सी.पी.ए. या संस्थेत खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेनगालिएव यांनी सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा व्यावसायिक वाद्यवृंद उभा केला. प्रारंभी त्यात भारतीय वादक मूठभरच होते. बाकीचे बाहेरून, विशेषतः कझाकस्तानातून येत. वर्षातून दोनदा, साधारणपणे फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या सुमारास, त्याचा हंगाम भरत आला आहे. पुण्यात पूना म्युझिक सोसायटीने कॅम्पातील मझदा हॉलमध्ये या संगीताच्या छोटेखानी मैफली घडवल्या आहेत. परंतु ऐंशी वादकांचा मेळ ऐकायचा तर पुणेकराला मुंबईची गाडी धरावी लागते. (आणि परतीची सोय वेगळी पाहावी लागते. मैफलीची वेळ होण्याआधीच डेक्कन क्वीन मुंबई सोडून निघालेली असते.)

अशा हंगामाची जाहिरात पाहावी. वर ठळक अक्षरांत कंडक्टरचे नाव, त्याच्या जोडीला पाहुण्या एकलवादकाचे. हा पाहुणा मैफलीच्या काही दिवस आधी येतो, वाद्यवृंदाबरोबर दोन-तीन तालमी करतो आणि मैफलीत कॉन्चेर्टो वाजवतो. कॉन्चेर्टो म्हणजे एक वाद्य आणि संपूर्ण वाद्यवृंद यांचा संवाद. त्यात एक जागा अशी येते, की सारा वाद्यवृंद हातातील वाद्ये खाली ठेवतो आणि एकटा पाहुणा आपले सारे कसब पणाला लावतो. श्रोते श्वास रोखून ऐकतात, टाळ्यांचा कडकडाट होतो, पुष्पगुच्छ दिला जातो. मग मध्यंतर. मध्यंतरानंतर बहुधा सिंफनी असते, आणि सिंफनीत पाहुणा नसतो. त्याचे काम झालेले असते. ऐंशी माणसे पुन्हा आपापल्या खुर्च्यांवर येऊन बसतात.

त्या ऐंशींतील मागच्या रांगेतल्या व्हायोलिनवादकाकडे आता पाहू. त्याच्याबरोबर आणखी दहा-बारा जण तीच ओळ वाजवीत असतात. त्याने उत्तम वाजवले, तर तो ऐकूच येत नाही. चुकला, तरच ऐकू येतो. आमटीतील मिठाची आठवण ते कमी पडल्यावर व्हावी, तसे. दोघा वादकांत मिळून एक स्टँड आणि एकच स्वरलिपी असते. पान उलटायची वेळ आली की आतल्या बाजूचा वादक वाजवणे थांबवतो, पान उलटतो आणि पुन्हा सामील होतो. बाहेरच्या बाजूचा वाजवीतच राहतो. सूर तुटू नये म्हणून कोणीतरी स्वतःचा सूर थांबवायचा, अशी ही व्यवस्था आहे. सभागृहातील फार थोड्यांचे तिकडे लक्ष जाते. बीथोव्हेन यांच्या ५ व्या सिंफनीत ट्राँबोनवाल्यांना पहिले तीन भाग नुसते बसून राहावे लागते. चौथ्या भागात त्यांचा प्रवेश होतो. ड्वोर्झाक यांच्या ९ व्या सिंफनीत झांजेचा आघात आहे एकच, आणि तोही हळुवार. त्या एका आघातासाठी झांजवाला सगळा वेळ सावध बसलेला असतो.

आता पहिला प्रश्न. यांचे काम लहान आहे काय? तसे मानणारे पुष्कळ आहेत. खरा कलावंत म्हणजे तो पाहुणा, बाकीचे हुकुमाचे ताबेदार, असा त्यांचा हिशेब असतो. हा हिशेब आम्हांला पटत नाही. मागच्या वादकाला स्वतःच्या वाद्यापेक्षा शेजाऱ्याचे वाद्य अधिक ऐकावे लागते. आपला आवाज त्याच्या आवाजात किती मिसळला, हे क्षणोक्षणी तोलावे लागते. ही केवळ आज्ञापालनाची कला नव्हे. स्वतःला पुसून टाकणे वेगळे आणि दुसऱ्याला वाव देऊन आपल्या जागी पुरेपूर असणे वेगळे. शिवाय कोणती जागा पुढची आणि कोणती मागची हेही कायमचे ठरलेले नसते. आपल्याकडे तबला हे साथीचे वाद्य. परंतु २०१५ साली याच वाद्यवृंदाने माहीममध्ये वाढलेले उस्ताद झाकीर हुसेन यांना पाहुणे एकलवादक म्हणून बसवले आणि त्यांनी स्वतः रचलेला ‘पेशकार’ हा तबल्याचा कॉन्चेर्टो सादर झाला. २०१९ च्या इंग्लंड दौऱ्यातही तो वाजला. पिढ्यान्‌पिढ्या साथीला बसलेले वाद्य मध्यभागी आले आणि सगळा वाद्यवृंद त्याच्या साथीला बसला.

येथपर्यंत वाचकांपैकी बहुतेक जण आमच्याशी सहमत होतील. अडचण पुढेच आहे. ज्या सद्‌भावी माणसाला मागच्या वादकाचे मोठेपण पटते, तोच पुष्कळदा लगेच म्हणतो, “मग नावाची एवढी चिंता कशाला? न मिरवता सेवा करणे हेच तर थोर!” हा विचार आम्हां धर्मगुरूंच्या तोंडी फार सहज येतो. म्हणून तो जरा तपासून घ्यावा हे बरे.

या प्रश्नाशी आपल्या लोकांचा संबंध फार जवळचा आहे. पोर्तुगीज काळात गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचायला, गायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. ती विद्या घेऊन शेकडो गोवेकर तरुण मुंबईला आले आणि चित्रपटसृष्टीच्या वाद्यवृंदांत बसले. संगीतकाराने चाल गुणगुणावी आणि पन्नास वाद्यांनी काय वाजवायचे ते एखाद्या गोवेकर संयोजकाने कागदावर उतरवावे, अशी त्या काळची पद्धत होती. शंकर-जयकिशन यांच्या असंख्य गीतांचे वाद्यमेळ दोन दशकांहून अधिक काळ सेबॅस्टियन डिसोझा यांनी लिहिले. ती गीते आजही आपल्या ओठांवर आहेत. तबकडीवर मात्र चाल बांधणाऱ्याचे आणि गाणाऱ्याचे नाव असे. गाणाऱ्याचे नाव तरी होतेच असे नाही. १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातील ज्या गीताने लता मंगेशकर यांचा आवाज घरोघर पोहोचला, त्याच्या तबकडीवर गायिका म्हणून नाव छापले होते कामिनी. म्हणजे चित्रपटातील पात्राचे! श्रोत्यांना त्या आवाजाचे खरे नाव हवे होते, म्हणून ते पुढे बाहेर आले.

मजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे याच स्टुडिओंतील एक नामवंत व्हायोलिनवादक व संयोजक. पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतून प्रसिद्धीस आलेले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात मागे बसणाऱ्या वादकांना एकत्र आणून गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात सिंफनीची मैफल घडवली. आपल्या रागांवर आधारलेल्या त्यांच्या स्वतःच्या रचना, शंभराच्या आसपास वादक, आणि पाहुणे एकलगायक म्हणून लता मंगेशकर व मन्ना डे. ज्यांची गाणी ते वादक रोज स्टुडिओच्या बंद दारांआड सजवीत, तेच गायक त्या दिवशी त्यांच्या घरी पाहुणे म्हणून आले होते. तो उपक्रम टिकला नाही. १९६५ च्या सुमारास गोन्साल्विस अमेरिकेला गेले, पुढे गोव्याला परतले आणि २०१२ मध्ये निवर्तले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये प्यारेलाल यांनी गुरूचे नाव नायकाच्या तोंडी घातले आणि ते देशभर पोहोचले, मात्र ते नाव गुणगुणणाऱ्या लाखोंना असा माणूस खरोखरच आहे, याची कल्पना नव्हती.

ही नम्रता होती काय? त्या वादकांना कोणी विचारलेच नव्हते. सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस यांचे नीतिशास्त्र शिकलो, त्यातील एक मांडणी येथे उपयोगी पडते. त्यांनी नम्रतेचा विचार संयमाच्या अंतर्गत केला आहे. म्हणजे मोठेपणाच्या आपल्या हव्यासाला आपणच घातलेला तो लगाम. न्यायाचा विषय मात्र दुसऱ्याचे देणे हा आहे. ज्याचे त्याला देण्याचा तो दृढ संकल्प. एका सद्‌गुणाचे तोंड स्वतःकडे, दुसऱ्याचे शेजाऱ्याकडे. म्हणून मी माझे नाव मागणार नाही, ही माझी नम्रता होऊ शकते. तुझे नाव मी घेणार नाही, कारण तू नम्र असावेस, ही माझी नम्रताही नव्हे आणि तुझीही नव्हे; ते बुडवलेले देणे आहे. एकाच मौनाला बोलणाऱ्याच्या जागेवरून असे दोन निरनिराळे अर्थ येतात.

हायडन यांना हे पक्के ठाऊक असावे. १९७२ नव्हे, १७७२ सालची गोष्ट. राजपुत्र निकोलाउस एस्टरहाझी आपल्या उन्हाळी महालातून हलेनात. वादकांची कुटुंबे दूर गावी राहिलेली. तक्रार करणार कोण? हायडन यांनी एक सिंफनी लिहिली. तिच्या अखेरीस एकेक वादक आपले वाजवणे संपवतो, समोरची मेणबत्ती विझवतो आणि उठून जातो. शेवटी उरतात दोनच व्हायोलिने. राजपुत्र समजले, आणि दुसऱ्या दिवशी परतीची तयारी झाली असे सांगतात. मागे बसलेला माणूस उठून गेल्यावरच तो तेथे होता हे दिसले.

पुण्याला अभिमान वाटावा असे उलट उदाहरणही आहे. १९५२ मध्ये यहुदी मेनुहिन हे जगद्विख्यात व्हायोलिनवादक भारतात आले, दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी मैफली केल्या. दगदगीने ते शिणले होते. मुंबईत त्यांना भेटायला पुण्याहून बी. के. एस. अय्यंगार गेले. भेट काही मिनिटांची ठरली होती. अय्यंगारांनी त्यांना शवासनात निजवले, मेनुहिन गाढ झोपी गेले आणि भेट काही तास लांबली. पुढे १९५४ मध्ये मेनुहिन यांनी त्यांना एक घड्याळ भेट दिले, त्यावर आपला सर्वोत्तम व्हायोलिन-शिक्षक असा त्यांचा उल्लेख कोरलेला होता. अय्यंगार व्हायोलिन वाजवीत नसत! परंतु ज्या खांद्यांवर आणि मनगटांवर आपली कला उभी आहे ते कोणी सैल केले, हे मेनुहिन विसरले नाहीत. अय्यंगारांनी नाव मागितले नव्हते. ते देणे पुढे उभ्या असलेल्याचे होते, आणि त्याने ते दिले.

आता थोडे आपल्या अंगणात. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेसाठी आमच्या धर्मग्रामांतील गायकवृंद नोव्हेंबरपासून तालमीला बसतो. एकट्याने गायच्या कडव्यावरून रुसवेफुगवे होतात. ते होऊ द्यावेत, त्यात फार वाईट नाही. परंतु सणाची पत्रिका हाती घ्यावी. मंडपाच्या देणगीदाराचे नाव ठळक, जनरेटर देणाऱ्याचे नाव रकमेसह, पाहुण्या गायिकेचे नाव छायाचित्रासह. आणि खाली एका ओळीत, ‘गायकवृंद’. वर्षभर दर रविवारी सकाळी थंडीत, पावसात येऊन आल्टोची ती कंटाळवाणी, चाल नसलेली, परंतु जिच्यावाचून सगळे पोकळ वाटते अशी ओळ गाणाऱ्या मावशी त्या एका शब्दात मावलेल्या असतात. त्यांना विचारले तर त्या म्हणतील, “फादर, आमचे नाव कशाला?” हे म्हणण्याचा अधिकार त्यांचा आहे. ते ऐकून कागद वाचवण्याचा अधिकार आमचा नाही.

यंदा नावे छापायची म्हटली तर पहिला वाद होईल तो कोणाचे आधी आणि कोणाचे नंतर, यावर. तो वर्णानुक्रमाने मिटवता येतो. कित्येक मोठ्या वाद्यवृंदांच्या कार्यक्रमपुस्तिकांत मागच्या व्हायोलिनवादकांची नावे त्याच क्रमाने छापतात.