जुने भाग सोबत दिले आहेत

आपल्या भाषेत ‘दुरुस्ती’ हा फार बेभरवशाचा शब्द आहे. घड्याळ दुरुस्त होऊन आलं म्हणजे ते पूर्वीसारखं चालायला लागतं. अमक्याचा मुलगा लग्नानंतर दुरुस्त झाला असं म्हणतात, तेव्हा तो पूर्वीसारखा अजिबात राहिलेला नसतो आणि त्याचाच सगळ्यांना आनंद असतो. घराची दुरुस्ती काढली तर शेवटी काय उभं राहील हे गवंड्यालाही सांगता येत नाही. ‘होतं तसं करणं’ आणि ‘होतं तसं राहू न देणं’ असे दोन उलटे अर्थ या एका शब्दाच्या पोटात चाळीतल्या जुन्या भाडेकरूंसारखे नांदताहेत. मी बँकेत छत्तीस वर्षं दुरुस्तीची बिलं पास केली, पण यातला कुठला अर्थ आपण पास करतो आहोत, हा प्रश्न मला कधी पडला नाही. तो पडायला न्यू जर्सीतल्या जावयाच्या तळघरात जावं लागलं.

जावईबापू संगणकात आहेत. (अमेरिकेतला जावई संगणकात नसला तर मुलीकडचे लोक त्याचं कारण सांगत बसतात.) त्यांच्या धंद्यात दर पंधरा दिवसांनी जुनं काढून नवं घालायचं असतं. त्याचा सूड म्हणून की काय, रात्री ते तळघरात जाऊन १९६६ सालच्या एका पेटीसमोर बसतात. पेटी म्हणजे आपली वाजवायची पेटी नव्हे. गिटारचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर, फेंडर कंपनीचा, डीलक्स रिव्हर्ब नावाचा. समोरून पाहिलं तर एस.टी.च्या टपावर टाकायची ट्रंक वाटावी. पण मागून वाकून पाहिलं आणि मी एकदम दहा वर्षांचा झालो. आत नऊ व्हॉल्व्ह होते! काचेच्या पोटात नारिंगी उजेड घेऊन शांतपणे तापत बसलेले. आमच्या घरच्या रेडिओत होते तसे. त्या रेडिओचं बटण फिरवल्यावर आवाज यायला पाऊण मिनिट लागायचं. वडील तेवढ्यात चष्मा पुसून घेत. ट्रॅन्झिस्टर आला आणि घरात चष्मा पुसायची वेळच उरली नाही.

योगायोग असा, की हा ट्रॅन्झिस्टर जन्मला न्यू जर्सीतच, १९४७च्या डिसेंबरात, बेल कंपनीच्या मरे हिल इथल्या प्रयोगशाळेत. आणि दिव्याच्या तापलेल्या तारेतून पोकळीत वीज वाहते, ही ज्यावर व्हॉल्व्ह उभा आहे ती गंमत एडिसनला दिसली तीही याच राज्यात, १८८० साली. म्हणजे आजोबा आणि आजोबांचा मारेकरी एकाच जिल्ह्या-तालुक्याचे म्हणायचे. रेडिओतून, टीव्हीतून, संगणकातून व्हॉल्व्ह गेला. गिटारवाल्यांनी मात्र सोडला नाही. स्लोव्हाकिया, रशिया, चीन इथले मोजके कारखाने आजही मुख्यतः या मंडळींसाठी आणि ग्रामोफोनवेड्यांसाठी व्हॉल्व्ह काढतात. २०२२ साली युद्धापायी रशियाने निर्यात रोखली, तेव्हा तळघरातळघरांतून सुतक होतं म्हणे.

कारण मोठं मजेशीर आहे. व्हॉल्व्हला झेपेनासा झाला की आवाज फाटतो. इंजिनियरांच्या लेखी हा दोष, आणि तो घालवण्यात त्यांच्या पिढ्या खपल्या. गिटारवाल्यांना नेमका तोच हवा. १९६४ साली इंग्लंडमध्ये किंक्स नावाच्या मंडळीतल्या डेव्ह डेव्हिस या पोराने तर स्पीकरच्या कागदावर चक्क ब्लेड चालवलं आणि त्या फाटक्या आवाजाचं गाणं देशभर पहिल्या नंबरावर गेलं. मला हे ऐकून हसू आलं. मग आठवलं, आपला तंबोरा तरी काय करतो? घोडीवर तारेखाली दोऱ्याचा तुकडा सरकवून ती तार मुद्दाम घुसमटवायची, की ती गुंजते. परक्या माणसाला वाटेल, वाद्य बिघडलंय. आपण त्याला जवारी म्हणतो, आणि ती काढण्यासाठी तंबोरा मिरजेला पाठवतो. तिथला कारागीर कानस फिरवून घोडी साफ करून देतो, पण ती गुंज घालवून दिली तर गवई त्याला मिरजेत राहू देणार नाही.

तर या पेटीला दोन रोग होते. एक घरघर, जुन्या एस.टी.ची असते तशी, वाजवा न वाजवा. दुसरा रोग नातीने शोधला. ती गळ्यात गिटार अडकवून माइकवर गायला उभी राहिली आणि ओठ चोळत माझ्याकडे आली. “आजोबा, माइक चावला.”

घरात त्या रात्री परिषद भरली. मुलीचं म्हणणं सरळ होतं : हे धूड टाकून द्या. हल्ली डब्याएवढी यंत्रं मिळतात, त्यांत जगातल्या सगळ्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरांचे आवाज भरलेले असतात, आणि त्यांतलं एकही चावत नाही. जावयांचं म्हणणं, पेटीचा एकही मूळ भाग हलवला तर तिचं मोल जातं. दोन पिनांची ही वायरसुद्धा १९६६ची आहे. मोल हा शब्द त्यांनी फार हळुवारपणे उच्चारला, पण मी बँकेतला माणूस. त्यातले डॉलर मला ऐकू आले. या बाजारातलं सोवळं आपल्या आजीलाही झेपलं नसतं. १९६५च्या जानेवारीत फेंडर कंपनी सीबीएसने विकत घेतली. त्याआधीच्या पेट्या ऋग्वेदी आणि नंतरच्या जरा कमअस्सल. आतलं वायरिंग तेच, व्हॉल्व्ह तेच; पण गोत्र बदललं ना! आणि ज्या लिओ फेंडरच्या नावाने हे सोवळं चालतं, तो मूळचा हिशेबनीस. पुढे कॅलिफोर्नियात फुलर्टनला १९३८ साली त्याने रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. जन्मभर गिटारी आणि अ‍ॅम्प्लिफायर केले, स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. मूळ भाग वगैरे ऐकून हा माणूस हसला असता. त्याचा सगळा भर जे सहज उघडता येईल, सहज बदलता येईल असं बनवण्यावर होता.

शेवटी नातीचा ओठ हा मुद्दा निर्णायक ठरला आणि पेटी मेकॅनिककडे गेली. गॅरेजात दुकान थाटलेला म्हातारा. म्हातारा म्हणजे माझ्याहून पाचेक वर्षांनी लहान. त्याने पेटी उघडली, डावा हात पँटच्या खिशात घातला आणि उजव्या हाताने काम सुरू केलं. मला वाटलं, स्टाइल आहे. तर तो म्हणाला, आत चारशेच्या वर व्होल्ट असतात, आणि प्लग काढला तरी कंडेन्सर ते धरून बसतात. दोन्ही हात आत गेले तर वीज एका हातातून दुसऱ्या हातात जाताना वाटेत हृदय लागतं. माझ्या हृदयात आधीच दोन स्टेंट आहेत. मी दोन्ही हात खिशात घातले.

चावऱ्या माइकचं मूळ त्याने लगेच दाखवलं. त्या काळच्या अमेरिकन अ‍ॅम्प्लिफायरांत अर्थिंग नसे. दोन पिना, आणि गुणगुण कमी करायला विजेच्या तारेतून पेटीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेला एक कंडेन्सर. सगळ्याच कंपन्या असं करत. तो कंडेन्सर म्हातारपणी फुटला की सांगाड्यात वीज, तिथून गिटारच्या तारांत, तिथून वाजवणाऱ्याच्या हातात. ओठांशी माइक असला की झालं पूर्ण वर्तुळ. मेकॅनिक लोकांत त्या कंडेन्सरचं नावच मृत्यूचा कंडेन्सर आहे. १९७२ साली वेल्समध्ये स्वान्सीला लेस्ली हार्वी नावाचा सत्तावीस वर्षांचा गिटारवादक ऐन कार्यक्रमात, प्रेक्षकांसमोर, माइकला हात लागून गेला. कारण, अर्थिंग धड नव्हतं.

एवढं सांगून त्याने तो कंडेन्सर कचकन कापला आणि तीन पिनांची वायर बसवली. जावयांना विचारलंसुद्धा नाही. पुढची प्रत्येक गोष्ट मात्र तो विचारून करत होता. वीज गाळून घेणारे मोठे कंडेन्सर वाळले होते, घरघर त्यांची. ते बदलायला जावई जरा कुरकुरून कबूल झाले. मग म्हणाला, तुमच्याकडची वीजसुद्धा आता जास्त दाबाची आहे. ही पेटी घडली तेव्हा एकशे सतरा व्होल्ट धरत, आता एकशे वीस-बावीस येतात. मला त्या पेटीची एकदम दया आली. म्हातारा होता तिथेच बसलाय, आणि भोवतालच्या जगाने दाब वाढवलाय.

खरी पंचाईत पुढे होती. वीज पुरवणाऱ्या व्हॉल्व्हच्या जागी एक छोटा सिलिकॉनचा तुकडा लावता येतो. स्वस्त, थंड, कधी न थकणारा. जावयांमधला संगणकवाला जागा झाला. म्हणाले, लावू या की. म्हातारा म्हणाला, लावतो. पण तुम्ही जोरात सूर छेडलात की तो व्हॉल्व्ह क्षणभर दमतो, आवाज किंचित बसतो आणि मग उमलतो. तुम्हाला आवडतं ते हेच असेल तर ते जाईल. म्हणजे पेटीचं दमणं हाही एक मूळ भागच. तो तेवढा दुकानात मिळत नाही.

आणि एक भोक होतं. पुढच्या पट्टीत कुणीतरी जास्तीचं भोक पाडून आवाज आवरायचं आणखी एक बटण बसवलेलं होतं. १९७०च्या सुमारास लोक असले उद्योग सर्रास करत. जावयांना ते बटण काढून हवं होतं. मूळचं नाही, कलंक आहे. म्हातारा म्हणाला, बटण काढीन, भोक कसं काढू? मग जरा थांबून म्हणाला, या बटणाने पेटी हळू वाजवली तरी आवाज फाटतो. ज्याने बसवलं त्याच्या घरात तान्हं मूल झोपत असेल. आता हे काही पुराव्याने सिद्ध होणारं नाही. पण मी भोकाच्या पक्षात गेलो. असल्याच पेट्यांत खुडबुड करता करता कॅलिफोर्नियात रँडल स्मिथने बूगी नावाची नवी जात जन्माला घातली, आणि लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानातल्या माणसांनी १९६२ साली फेंडरची बेसमन पेटी बघून बघून आपली पहिली पेटी केली. सगळेच सोवळ्यात बसले असते तर मार्शल कुठून आला असता? पण हेही खरं, की अशी भोकं हजारांनी पाडली असतील आणि रँडल स्मिथ एकच निघाला. बाकीची भोकं नुसतीच भोकं.

हा प्रश्न पेटीपेक्षा पुरातन आहे. थीसियसचं जहाज अथेन्सकरांनी फळी फळी बदलत जपलं. ते तेच राहिलं का, असं प्लूटार्क विचारतो. आपल्याकडे नागसेन भिक्षूने मिलिंद राजाला विचारलं, ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे आस की चाकं की दांडा? राजाला एकेका भागाला ‘नाही’ म्हणावं लागलं. मला मात्र या दोघांपेक्षा इंग्रज हॉब्जचा वात्रटपणा भावतो. तो म्हणतो, काढलेल्या जुन्या फळ्या कुणी साठवून त्यांचं पुन्हा जहाज बांधलं तर? हॉब्ज बहुधा अ‍ॅम्प्लिफायरच्या धंद्यात असावा. कारण काम संपल्यावर म्हाताऱ्याने काढलेले सगळे भाग, तो मृत्यूचा कंडेन्सरसुद्धा, एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून जावयांच्या हातात दिले. या धंद्यात तशी रीतच आहे. पिशवी सोबत असली की पेटीला भाव येतो. मला हे ओळखीचं वाटलं. आमच्या हिच्या पित्ताशयाचे खडे डॉक्टरांनी असेच बाटलीत घालून दिले होते. ती बाटली पुण्याला शोकेसमध्ये आहे आणि पाहुण्यांना चहाआधी दाखवली जाते.

सांगाडा पुन्हा आत सरकवण्यापूर्वी त्याने मला एक गंमत दाखवली. आतल्या बाजूला पिवळी पडलेली कागदी चिकटपट्टी, आणि तीवर पेनाने लिहिलेलं बाईचं नाव. पेटीचं वायरिंग करणाऱ्या बाया आपलं नाव असं चिकटवून ठेवत. बहुतेक मेक्सिकन घरांतल्या. तिच्या डाखांपैकी किती शिल्लक आहेत, असं मी विचारलं. त्याने मोजले नाहीत. “बरेच,” म्हणाला, “आणि चांगले आहेत.” पट्टी सुटू लागली होती, तिचा कोपरा त्याने अंगठ्याने दाबून बसवला.

जास्तीचं बटण राहिलं. दमणारा व्हॉल्व्हही राहिला. त्या रात्री नात माइकवर गायली, माइक चावला नाही. सूर संपला की तळघरात एकदम सगळं शांत होत होतं, आणि ते मला काही बरं वाटेना. जावयांनी विचारलं, “कसं वाटतंय, बाबा?” म्हटलं, “छान. पण ती घरघर होती ना, तिच्यावरून मला कळायचं की पेटी चालू आहे.”

मुलीने वर जाऊन कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मशीन लावून देतात, म्हणाली, अगदी बारीक असतं, कुणाला दिसतसुद्धा नाही. मी तिला विचारलंय की घरघर काढतात की आणखीही काही काढतात, ते आधी फोनवर विचारून घे.