नदीपलीकडची फौज

पैनगंगेच्या पुलावर मामांनी गाडी उभी केली. पलीकडे हिंगोली जिल्ह्यातलं कनेरगाव नाका, अलीकडे आमचा वाशीम. खाली पाणी कसंबसं घोट्याएवढं.

"ही सरहद्द होती, बरं का. तिकडे निजाम, इकडे इंग्रजांचं वऱ्हाड. आणि वऱ्हाड तरी कुठं त्यांच्या मालकीचं! 1902 साली निजामाकडून कायमच्या पट्ट्यानं घेतलेलं, वर्षाला 25 लाख रुपयांवर."

मामा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. मी स्पर्धा परीक्षेच्या तयारीत, त्यामुळे त्यांना आयता श्रोता मिळतो.

"हाँगकाँगचा नवा मुलूखही त्यांनी पट्ट्यानंच घेतला ना, मामा? 1898 साली, 99 वर्षांसाठी."

"हाव, आणि तोही बिनभाड्याचा. आता सांग, ऑक्टोबर 1949. माओच्या फौजेनं कँटन घेतलं आणि ती शेनझेन नदीच्या काठावर येऊन ठेपली. अलीकडे इंग्रजांची वसाहत. तू तिथला लष्करी अधिकारी. लंडनला अहवाल पाठवायचाय. काय लिहिशील?"

"पलीकडचं सैन्य मोजीन. ते आले तर आपण टिकत नाही, असं लिहीन. 1941 च्या डिसेंबरात जपान्यांनी तेच केलं होतं. 8 तारखेला चढाई, 25 ला शरणागती."

"पण माओ आलाच नाही. मग तुझा अहवाल चुकला?"

मी जरा अडखळलो. "म्हणजे सैन्य न मोजता मन मोजायचं? इंग्रज हाकलून लावण्यापेक्षा ते बंदर चालू राहण्यात चीनचा फायदा जास्त होता, हे ओळखायचं?"

"असंच मन मोजून 1961 च्या नोव्हेंबरात दिल्लीनं चौक्या पुढं सरकवायचं ठरवलं. चीन मोठा हल्ला करणार नाही, हे धरून. पुढच्या वर्षी 20 ऑक्टोबरला काय झालं, ते तुला पाठच असेल. आपले यशवंतराव संरक्षणमंत्री झाले 21 नोव्हेंबरला, आणि त्याच दिवशी चीननं आपणहून युद्धबंदी जाहीर केली. शेजारी तोच, पक्ष तोच, माओही तोच. एका ठिकाणी मनाचा अंदाज खरा ठरला, दुसऱ्या ठिकाणी अंगाशी आला."

"मग हाँगकाँगच्या इंग्रजांचं नुसतं नशीब?"

"सगळं नशीब म्हणणार नाही मी. त्यांनी फौज तीस हजारांच्या घरात नेली. तेवढ्यानं शहर राखता येत नाही, हे त्यांनाही कळत होतं. पण 'घ्यायला आलात तर फुकट मिळणार नाही' एवढा निरोप त्यातून जात होता. मन आणि बळ त्यांनी वेगवेगळ्या पानांवर लिहिलं. आपण एकाच पानावर लिहिलं आणि त्यातलं सोयीचं तेवढं वाचलं."

मला मात्र दुसरीच गोष्ट आठवली. 1963 च्या दुष्काळात हाँगकाँगमध्ये चार दिवसांतून एकदा, फक्त चार तास नळ सुटायचा. (वाशीमकराला याचं अप्रूप वाटायचं कारण नाही.) मग 1965 पासून चीनच्या डोंगजियांग नदीचं पाणी विकत यायला लागलं. म्हणजे ज्याच्या तोफांची भीती, त्याच्याच हातात नळाची चावी. "यात धोका वाढला की कमी झाला, मामा?"

"दोन्ही. चावी हातात असलेल्याला तोफ कशाला लागते? आणि पाण्याचे पैसे मिळत असताना गिऱ्हाईक कोण मारतो?"

"हे अहवालात कसं मांडायचं?"

मामा हसले. "माझे वडील वेगळं मापन सांगायचे. 1948 साली, रझाकारांच्या दिवसांत, या नदीतून अलीकडे बैलगाड्या यायच्या. म्हणायचे, गाडीत काय आहे ते बघ. कपडे असतील तर माणूस परत जाणार. जातं आणि बियाणं असेल तर तिकडचं संपलं."

"पण हाँगकाँगमध्ये हे उलटं पडतं. 1945 ला तिथं सहा लाख लोक, पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला वीस लाख. ज्या जागेवर चढाई होणार म्हणून लंडन धास्तावलं होतं, तिथंच माणसं आसऱ्याला येत होती!"

"त्यांना अहवाल कुणी दाखवला होता?"

खरा पेच इथं होता. जागा राखता येत नाही, हे तिथल्या माणसांना सांगायचं का? सांगितलं तर धीर सुटतो, बाजार बसतो. नाही सांगितलं तर ज्यांच्या जिवावर बेतणार, त्यांनाच अंधारात ठेवल्यासारखं. मला वाटतं, सांगायला हवं. मामांना तसं वाटत नाही. घाबरलेलं गाव सैन्याआधी पडतं, असं त्यांचं म्हणणं.

"आणि सांगणाऱ्याचं काय होतं, तेही बघ," ते गाडी सुरू करत म्हणाले. "इथं शेजारी आपण, वसाहत पोर्तुगीजांची. डिसेंबर 1961, गोवा. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा हुकूम, जिंका नाहीतर मरा. गव्हर्नर व्हासालो ई सिल्वानं आपलं बळ मोजलं, भारताचं मोजलं आणि 19 तारखेला शरणागतीवर सही केली."

"मग?"

"1963 साली त्याला लष्करातून काढून टाकलं. परत घेतलं ते 1974 च्या क्रांतीनंतर."